सिस्टर पिएदादचा तील

सिस्टर पिएदादची गोष्ट डिचोलीच्या बाजारात मला वगळून सांगतात. ते माझ्या सोयीचंच आहे. पण गोष्टीची सुरुवात माझ्या खोडरबराने झाली होती, तेव्हा ती तिथूनच सांगायला हवी.

मी तेव्हा कृष्णनाथ सरांच्या टायपिंगच्या दुकानात बसायचो. बसस्टँडच्या मागे दुकान, बाहेर पाटी: 'मराठी-इंग्रजी टंकलेखन, अर्ज, भाषांतर'. टंकलेखन म्हणजे सर आणि भाषांतर म्हणजे मी. गोवा राज्य होऊन दोन वर्षं झाली होती आणि भाषेचं भांडण मिटलं असं सगळे एकमेकांना मोठमोठ्याने सांगत होते. सर कट्टर मराठीवाले. घरी बायकोशी कोकणीत भांडायचे आणि दुकानात येऊन कोकणीविरुद्ध शुद्ध मराठीत निवेदनं टंकायचे. मी बारावीपर्यंत डिचोलीतच शिकलेला, त्यामुळे मला सगळं येतं अशी माझी समजूत होती.

ऑगस्टातली एक दुपार. सर जेवायला गेलेले. सिस्टर पिएदाद छत्री मिटत आत आली आणि कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं काहीतरी तिने माझ्यापुढे सारलं.

"सगुणा, पुता, हें मराठीत घाल. कचेरीत धाडायचंय. आणि बरं घाल हां, मोठ्या शब्दांत. बारीक शब्द साहेबलोक वाचत नाहीत."

(सिस्टर कोकणीत बोलायची. वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी मी तिचं अर्धंमुर्धं मराठी केलंय. माझ्या भाषांतराचा लौकिक पुढे कळेलच, तेव्हा जरा सांभाळून वाचा.)

तिची कोकणी रोमी, म्हणजे इंग्रजी लिपीतल्या अक्षरांत. पाच ओळी होत्या. सुरुवातच अशी: 'आमची बाय पाड जाल्या.' पाड म्हणजे खराब. त्या 'बाय'च्या डोक्यावर अळीसारखी एक वळवळती रेघ होती. आम्हाला शाळेत जी इंग्रजी अक्षरं शिकवली त्यांच्या डोक्यावर काही बसत नाही. पेन्सिलीचा डाग असेल, असं समजून मी ती रेघ खोडरबराने पुसली. व्यवस्थित पुसली, फुंकर मारून. कागद स्वच्छ असावा ही सरांची शिकवण.

ती रेघ म्हणजे पोर्तुगीज लिहिण्यातला 'तील'. अक्षर नाकात म्हणायची खूण. ती असली तर शब्द होतो 'बांय', म्हणजे विहीर. पुसली की उरते बाय. बाई.

आता पुढच्या ओळी ऐका. पूर्वी नितळ होती. वर डोंगरावर माती टाकायला लागल्यापासून आतून तांबडी झाली. चाळीस मुली तिच्यावर आहेत, त्यांना त्रास होतो. येऊन तळापर्यंत बघा. कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. पण कॉन्व्हेंटच्या होस्टेलमधल्या मुली घाटावरच्या, कोल्हापूर-बेळगावकडून खाणीवर कामाला आलेल्यांच्या. त्या कॉन्व्हेंटच्या मदरना 'मोठ्या बाई' म्हणायच्या. मला वाटलं, सिस्टर मदरबद्दल लिहितेय आणि बिचारी संकोचाने आडून लिहितेय. मग मी तिचा संकोच माझ्या मराठीने दूर केला:

'महोदय, आमच्या बाई बिघडल्या आहेत. पूर्वी त्या अत्यंत निर्मळ होत्या. वरील डोंगरावर खाणीची माती पडू लागल्यापासून त्यांचे अंतरंग पालटले आहे. चाळीस मुली त्यांच्यावर अवलंबून असून मुलींना त्रास होत आहे. तरी साहेबांनी जातीने येऊन बाईंच्या तळापर्यंत जावे व चौकशी करावी, ही नम्र विनंती.'

सिस्टरला देवनागरी वाचता येत नव्हती. तिने कागद लांब धरून नुसता बघितला, म्हणाली, "दिसतंय सुंदर," आणि खाली रोमी अक्षरांत सही केली. टंकणावळ दिली, शिवाय रुमालात बांधलेले दोन पाव. मी पाव खाल्ले आणि अर्ज पोस्टात टाकला.

*

सिस्टर पिएदाद दिवाडीची. बेटावरची. बाप होडीवर, घरात सहा बहिणी. एकोणिसाव्या वर्षी ती कॉन्व्हेंटमध्ये आली ती स्वयंपाकघरातच. कॉन्व्हेंटमध्येही वरची माणसं आणि खालची माणसं असतात, हे मला तिच्याकडून कळलं. शिकलेल्या सिस्टर वर्गात, न शिकलेल्या चुलीपाशी. हिला रोमी अक्षरं जेमतेम ओळखता यायची, लिहिता येत नव्हती. शेवटचं व्रत घ्यायचं तर कागदावर सही हवी, आणि हिला अंगठ्याची लाज वाटायची. तेव्हा वर्गात शिकवणारी एक तरुण सिस्टर, एर्मेलिंदा, रोज दुपारी भांडी घासून झाल्यावर हिला घेऊन बसली. हिचा हात आपल्या हातात धरून 'पिएदाद' गिरवून घेतलं. तीन महिने. पुढे हिने स्वतःच्या हट्टाने चार ओळी लिहिण्याइतकी मजल मारली, पण सही तिने शिकवलेली.

"माझ्या 'पी'ला शेपटी असते बघ," सिस्टर मला एकदा दाखवत होती. "ती एर्मेलिंदाची. तिच्या 'ई'लाही असते. माझी सही तिच्या हातची."

तीच एर्मेलिंदा आता मदर झाली होती. आणि सिस्टर पिएदाद पंचावन्न वर्षांची, अजून चुलीपाशी. होस्टेलचं जेवण आणि अंगणातली विहीर तिच्या ताब्यात. विहिरीवर ती माणसासारखी माया करायची. कुणी चप्पल घालून कठड्यावर चढलं तर तिची जीभ अशी सुटायची की त्या दिवशीची प्रार्थना देवाने ऐकली असेल की नाही, शंका.

त्या वर्षी डोंगरावर खाणीची टाकाऊ माती पडू लागली, आणि पावसात ती पाझरून विहिरीत यायला लागली. भात शिजला की गुलाबी दिसायचा. मुलींना खरूज झाली, पोटं बिघडली. जानकी नावाची बेळगावकडची एक मुलगी होती. तिचा बाप ट्रकवर. तिने बापाला सांगितलं तर तो म्हणाला, गप जेव, त्याच मातीवर माझं पोट आहे. मुलींच्या आईबापांपैकी कुणी बोलणार नव्हतं. म्हणून सिस्टर माझ्याकडे आली होती. वर कुणाचं काय ठरलंय, यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. विहीर खराब झाली, एवढंच तिला सांगायचं होतं.

*

आठवड्याने ती परत आली. या वेळी छत्री उघडीच, दारातून आत येईना.

"सगुणा, तू काय लिहिलंस?"

"तुम्ही सांगितलं ते."

"वाच."

सरांचा नियम होता, प्रत्येक अर्जाची कार्बन प्रत वर्षभर बुटांच्या खोक्यात ठेवायची. मी खोकं काढलं आणि वाचलं. 'अंतरंग पालटले'पर्यंत आलो तोच तिने विचारलं, "कुणाचं?"

"मदरचं. तुम्हीच लिहिलंय ना, बाय पाड जाल्या."

"बाय न्हय रे, बांय! बांय!" तिने नाकावर बोट ठेवून दाखवलं. "उदकाची! वर तील घातला होता मी!"

"तो… मी पुसला."

ती हसायला लागली. स्टुलावर बसली, छत्री पडली, डोळ्यांतून पाणी आलं. 'बाईंच्या तळापर्यंत जावे' हे तिने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मीही हसलो. वाटलं, सुटलो.

मग ती हसायची थांबली. खडखडत्या झाकणावर हात ठेवल्यासारखी.

"मग ती तसं का म्हणाली?" तिने स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं.

काय झालं होतं ते तिने सांगितलं. अर्जाला कचेरीत नंबर पडला होता. नंबर पडलेल्या कागदाची चौकशी लावावीच लागते. लागली, पुढच्या मंगळवारी. पण त्याआधी अर्ज हसत हसत चार टेबलांवर फिरला आणि कुणीतरी खाणीच्या मॅनेजरला सांगितलं, मॅनेजरने मदरला. मदरने काल प्रार्थनेनंतर पिएदादला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि विचारलं:

"तुला कुणी सांगितलं?"

"मी म्हटलं, सांगायला कशाला पाहिजे, दिसतंय की," सिस्टर मला म्हणाली. "मी विहिरीचं बोलत होते रे! ती पांढरीफटक पडली. म्हणाली, 'जीप मी माझ्यासाठी घेतली नाही. चॅपलचं छप्पर गळत होतं, तू पण त्याच छपराखाली गुडघे टेकतेस.' मी म्हटलं, कसली जीप? कसलं छप्पर? जीप तर बिशपांकडून आली म्हणून तिनेच सांगितलेलं."

जीप आणि छपराचे पैसे खाणीकडून आले होते आणि माझ्या चुकीच्या भाषांतराने मदरकडून ते वदवून घेतलं होतं, हे मला आता समजत होतं. काहीतरी दडवलंय, हे सिस्टरला कालच समजलं होतं. आज ती फक्त खात्री करायला आली होती की मी काही जाणून लिहिलं नव्हतं.

"आणि म्हणाली, 'मंगळवारी साहेब येतील तेव्हा तुझा पहिला कागद खरा असं सांग. त्यावर तुझी सही आहे.' पहिला कागद कुठला, पुता? मी तर तुझ्याकडे पहिल्यांदाच आले."

मी परत खोक्यात हात घातला. त्यात मे महिन्यातली एक प्रत होती, आणि ती मीच टंकली होती. मदरनी मजकूर इंग्रजीत आणला होता, मी मराठी केलं होतं. त्यात एक शब्द मला फार आवडला होता म्हणून लक्षात राहिलेला.

मी ती काढून वाचली.

'कॉन्व्हेंटमधील विहिरीची देखभाल मी स्वतः करते. सदर विहिरीचे पाणी बारमाही निर्मळ व पिण्यास योग्य आहे. वरील डोंगरावर माती टाकण्यास आमची कोणतीही हरकत नाही. सही, सिस्टर पिएदाद.'

'बारमाही' माझा. इंग्रजीत नव्हता.

"मे महिन्यात," सिस्टर हळू म्हणाली, "तिने मला स्वयंपाकघरात एक कागद दिला. म्हणाली, गॅसच्या सिलिंडरचा आहे, इथे सही कर. माझे हात पिठाचे होते. तिने स्वतः पुसले माझे हात. तिच्या रुमालाने."

ती पोशाखाच्या कमरेला असलेली निळी पट्टी बोटाला गुंडाळू लागली.

"स्वतःची का नाही केली तिने सही?"

याचं उत्तर मला माहीत होतं आणि तिलाही. विहीर हिच्या ताब्यात. उद्या पोरी आजारी पडल्या तर कागदावर नाव हिचं. मदरचं नाव कुठेच नाही.

"सगुणा, तू हे टंकलंस तेव्हा तुला कळलं नाही, माझं नाव आहे ते?"

"कळलं. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"आणि विहीर म्हणजे बांय, हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"हं," ती म्हणाली. छत्री उचलून गेली. त्या दिवशी पाव नव्हते.

*

शनिवारी मदर स्वतः दुकानात आल्या. जीपमधून. सरांनी उठून खुर्ची पुसली. कॉन्व्हेंटच्या शाळेचे परीक्षेचे सगळे पेपर आमच्याकडे टंकले जायचे.

मदर एर्मेलिंदा उंच, सावकाश बोलणाऱ्या. मराठी उत्तम, आमच्या सरांपेक्षा चांगलं.

"सगुणबाब, चूक माणसाकडून होते," त्या हसून म्हणाल्या. "मी तुमच्यावर रागावलेली नाही. उलट किती मजेशीर चूक! आपण फक्त एक खुलासा टंकू. की भाषांतरात चूक झाली. तेच खरं आहे ना?"

"हो मदर."

"मग तेच लिहू या. 'भाषांतराच्या चुकीमुळे गैरसमज झाला. सिस्टर पिएदाद यांची कोणतीही तक्रार नाही.' तुमची सही, सिस्टरची सही."

पहिलं वाक्य शंभर टक्के खरं होतं. दुसरं त्याच्या मागून, त्याचा हात धरून चाललं होतं. मी टंकता टंकता थांबलो तर सर खाकरले. आमच्या मशीनवर अनुस्वाराची कळ नीट उठत नसे, टिंबं नंतर पेनाने द्यावी लागत. मी एकेक टिंब दिलं आणि 'भाषांतरकार' म्हणून सही केली. माझ्या आयुष्यात त्या पदनामाने केलेली ती पहिली सही.

जाताना मदर दारात थांबल्या. "ती भोळी आहे," म्हणाल्या. "तिला वाटतं होस्टेल प्रार्थनेवर चालतं. चाळीस मुलींना फुकट ठेवते मी. त्यांचे आईबाप कुणाच्या खाणीवर आहेत? मी भांडले तर पहिल्या त्याच घरी जातील. हे तिला समजवा तुम्ही, तुमचं ऐकते ती."

यात खोटं काय होतं ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. आजही पटकन सांगता येत नाही.

मी समजवायला गेलो नाही. रविवारी संध्याकाळी सिस्टरच आली, दुकान बंद होतं तर थेट आमच्या घरी. माझ्या आईने तिला चहा दिला. तिने चहा पाहिला, प्यायला नाही, आणि मला म्हणाली, "खुलाशाचा कागद आलाय माझ्याकडे. उद्या रात्रीपर्यंत सही करून दे म्हणते."

"मग?"

"आम्ही व्रत घेतो, पुता. सांगितलं ते ऐकायचं. छत्तीस वर्षं ऐकलं. कांदा कापू नकोस म्हणाली तर नाही कापला. आता ही सांगते ते देवाने सांगितल्यासारखं मानायचं असतं. नाही मानलं तर माझं व्रत मोडतं. मानलं तर पोरी तांबडं पाणी पितात, आणि खाली नाव माझं." ती थांबली. "पोरींचं पाणी मी उकळून, गाळून कसंतरी निभावलं असतं रे. पण तिने माझे हात पुसले. ते मला निभत नाही."

माझ्या आईला यातलं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "सिस्टर, चहा निवला गे. दुसरा करू?"

"नको गे बाय," सिस्टर म्हणाली, आणि 'बाय' म्हणताना माझ्याकडे बघून किंचित हसली. त्यानंतर तिला हसताना मी पाहिलं नाही.

जाताना म्हणाली, "मी असं करीन. तिला माझ्यासमोर तो मेमधला कागद मोठ्याने वाचायला सांगीन. माझ्या तोंडाकडे बघून तिला ते वाचता यायचं नाही. तिथेच थांबेल. मग मला काही करावं लागायचं नाही." असं ती अगदी खात्रीने म्हणाली.

*

मंगळवारी कचेरीतले साहेब आले. सडपातळ, घामाघूम, सज्जन माणूस. विहिरीपाशी खुर्च्या मांडल्या होत्या. मदर, खाणीचे मॅनेजर, आणि माझ्या चुकीचा खुलासा करायला मी. वरच्या खिडकीत मुलींची डोकी. सिस्टर पिएदाद कठड्याशी उभी, हात अ‍ॅप्रनला पुसत.

साहेबांनी आधी माझा खुलासा वाचला आणि जरासे हसले. मग म्हणाले, "यावर सिस्टरची सही नाही."

"करतील आता," मदर म्हणाल्या. "पिएदाद."

साहेबांनी मेमधला कागद पुढे केला. "आणि ही सही तुमचीच ना, सिस्टर?"

"मला मराठी वाचता येत नाही साहेब," सिस्टर म्हणाली. मग मदरकडे वळली. "मदर, तुम्ही मला सही शिकवलीत. तुम्हीच मला हे वाचून दाखवा. आमच्या भाषेत. तुम्ही वाचाल ते मी मानीन."

मॅनेजरनी मानेनेच 'नको' केलं. पण मदरनी कागद घेतला. चष्मा लावला. सिस्टर त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मीही बघत होतो. मला वाटलं, आता अडखळणार.

मदर एकदाही अडखळल्या नाहीत. चर्चमध्ये पवित्र ग्रंथातला उतारा वाचतात तशा संथ, स्वच्छ कोकणीत त्यांनी सगळा कागद सांगितला. 'विहिरी'च्या जागी बांय म्हणाल्या, नाकात, स्पष्ट, तील जागच्या जागी. माझ्या 'बारमाही'लासुद्धा त्यांना छान शब्द सापडला. शेवटी 'सय, सिस्टर पिएदाद' असं म्हणून कागद खाली ठेवला आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मायेने बघितलं. तेच सगळ्यात वाईट होतं.

सिस्टरचं तोंड कसं झालं ते सांगता येत नाही. विहिरीत दोरासकट बादली पडली की बायका कठड्यावर वाकून नुसत्या बघत राहतात, तशी ती बघत होती.

"बोला सिस्टर," साहेब म्हणाले.

"सय म्हजी," ती म्हणाली. "उतरां म्हजीं न्हय."

साहेब गोव्यातल्याच हळदोण्याकडचे असावेत, त्यांना बरोबर कळलं. मॅनेजरनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाल्या?"

मला वाटतं तेवढंच एक भाषांतर मी नीट केलं. "सही त्यांची आहे. शब्द त्यांचे नाहीत."

"पिएदाद," मदर शांतपणे म्हणाल्या. "तू व्रत घेतलंयस."

"होय मदर. म्हणून विचारलं तुम्हाला." आणि मग तिने गुडघे टेकले, तिथेच, ओल्या दगडावर, मदरच्या पुढे, त्यांच्यात वरिष्ठांचा आशीर्वाद घेताना टेकतात तसे. डोकं खाली केलं. मदरनी हात वर उचलला. तो तसाच राहिला, खाली आला नाही. सिस्टर थोडी थांबली, स्वतःच उठली, बादली विहिरीत सोडली, साहेबांच्या बाटलीत पाणी भरलं, झाकण लावलं आणि जेवणाची वेळ झाली म्हणून आत गेली. वरच्या खिडकीतून जानकी ओरडली, "सिस्टर, आज काय?"

*

पाणी तपासलं गेलं. खराब निघालं. मग काय झालं ते डिचोलीत सगळ्यांना माहीत आहे: विहिरीवर जाळी आली आणि खाणीकडून रोज एक टँकर यायला लागला, फुकट. पहिल्या टँकरचा फोटो एका पेपरात आला. टँकरला हार, बाजूला मॅनेजर, मदर, मुली. डोंगरावर माती पडायची थांबली नाही. कुणीतरी सभेत मदरच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं. मुलींची खरूज गेली, हेही सांगितलं पाहिजे. मदर म्हणतील, बघा.

सिस्टर पिएदादची बदली तीन आठवड्यांत झाली. कारवारच्या पलीकडे कुठेतरी, त्यांच्याच संघाच्या एका घरात. बदलीचा कागद इंग्रजीत होता. तो तिने माझ्याकडून वाचून घेतला. मी वाचला, काही सुधारलं नाही. आता सही करायच्या आधी ती प्रत्येक कागद कुणाकडून तरी वाचून घ्यायची, आणि वाचणाऱ्याच्या तोंडाकडे मात्र बघायची नाही. जमिनीकडे बघायची.

त्या तीन आठवड्यांत ती दुपारी दुकानात यायची, सर जेवायला गेले की. म्हणाली, तुझी अक्षरं शिकव. मी पाटी आणली. 'प'पासून सुरू केलं, कारण तिला तो हवा होता. भराभर शिकली. टिंब कुठे द्यायचं एवढं तिला लगेच समजलं. "हा तुमचा तील," म्हणाली, "पण हा गोल आहे, पुसायला सोपा."

शेवटच्या दिवशी आली तेव्हा सर दुकानातच होते. हातात पत्र्याची एक पेटी. बस बाहेर उभी.

"सगुणा, माझा अर्ज."

"कुठला?"

"ऑगस्टातला. पैसे घेतलेस तू. पाव खाल्लेस. चूक तुझी, तर परत नीट टंकून दे. आमची बांय पाड जाल्या. एवढंच घाल, मोठे शब्द नको."

"सिस्टर, आता विहिरीवर जाळी…"

"विहिरीसाठी नको. माझ्यासाठी. माझ्या नावाचा एक तरी कागद बरोबर असूं दे."

मी मशीनकडे गेलो. सर कॉन्व्हेंटचे सहामाहीचे पेपर टंकत होते. त्यांनी मान वर केली नाही. "मशीन मोकळं नाही," म्हणाले.

बसवाल्याने हॉर्न दिला. सिस्टरने माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे, मग त्या पेपरांच्या गठ्ठ्याकडे. तिला कळायला वेळ लागत नसे आता.

"उरूं दी तर," म्हणाली. "मागीर दी." राहू दे तर, नंतर दे.

दोनेक महिन्यांनी तिचं एक कार्ड आलं. देवनागरीत, ओळ वरखाली जाणारी. तिकडे समुद्र आहे, मासळी ताजी आहे, चूल मोठी आहे. शेवटी: 'म्हजी प्रत?' खाली सही, तीही देवनागरीत. 'प'ला शेपटी नव्हती.

आता मशीन दुपारी मोकळं असतं. सर थकलेत, दुकान जवळजवळ मीच बघतो. काल कॉन्व्हेंटचं आभाराचं पत्र टंकलं, टँकरला वर्ष झालं म्हणून. बारमाही हा शब्द मदरनी स्वतः सुचवला. ते संपल्यावर मी नवा कागद चढवला, 'आमची विहीर' एवढं टंकलं, आणि पुढे 'खराब झाली आहे' लिहायचं तेवढ्यात पोस्टाच्या फॉर्मसाठी गिऱ्हाईक आलं. कागद उतरवून मी बुटांच्या खोक्यात ठेवला. अजून तिथेच आहे.